केसापिसांचा अभ्यास कमी लेखणाऱ्यांना

अहेरी-आलापल्लीपासून ताडोब्यापर्यंतच्या आपल्या जंगलपट्ट्यात एखादं पोर अस्वलाच्या मानेवरचे केस किंवा नीलपंखाच्या पंखातलं पीस न पीस रंगवायला बसलं, की त्याला ऐकवायची वाक्यं ठरलेली आहेत. हुबेहूबच हवं असेल तर फोटो काढ की, कागद कशाला खराब करतोस? ही झाली हाताची सफाई, तिला कला म्हणत नाहीत. झिरो नंबरचा ब्रश, फॅन ब्रश आणि दोनचार युक्त्या कळल्या की कुणालाही जमतं, त्यात शिकायचं काय? आणि सगळ्यांत शेवटी, बहुधा शहरातून आलेल्या पाहुण्याकडून, अगदी आपुलकीच्या सुरात: तुम्ही आदिवासी मुलखातली माणसं, तुम्ही तुमची पारंपरिक चित्रं काढा, हा वास्तववाद तुमचा नव्हे. ही वाक्यं अडाणी माणूस बोलत नाही. स्पर्धांचे परीक्षक बोलतात, कलाशिक्षक बोलतात, चित्रांवर लिहिणारे लोक बोलतात. त्यांचा मान असतो म्हणून पोर गप्प बसतं आणि पुढच्या वर्षी संकल्पचित्राच्या नक्षीकडे वळतं. मला यातलं एकही वाक्य मान्य नाही. प्राण्याची लव, पिसं, खवले, कातडी यांचा पोत रंगवायला शिकणं म्हणजे तो प्राणी जाणून घ्यायला शिकणं होय. हे ज्ञान दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या नेमकेपणाने हाती येत नाही.

आधी फोटोचं घेऊ. कॅमेरा टिपतो तो एका प्राण्याचा एक क्षण. त्या क्षणी जो उजेड होता तो, जी बाजू समोर होती ती. सकाळच्या तिरप्या उन्हात चितळाची पाठ तांबूस पेटलेली दिसते, तोच चितळ बांबूच्या बेटात शिरला की मातकट होतो, ढगाळ दिवशी करडा वाटतो. यातला चितळाचा खरा रंग कोणता? एक फोटो याचं उत्तर देऊ शकत नाही, शंभर फोटोही शंभर वेगवेगळी उत्तरं देतात. ती सगळी पाहून, प्रत्यक्ष चितळ पाहून, उजेडाचा भाग कोणता आणि केसांचा स्वतःचा रंग कोणता याचा निवाडा माणसालाच करावा लागतो. पक्षी ओळखण्याची जी पुस्तकं जगभर प्रमाण मानली जातात त्यांतली कितीतरी आजही चित्रांवर उभी आहेत, त्याचं कारण हेच. रिचर्ड ग्रिमेट आणि कॅरल व टिम इन्स्किप यांचा भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा ग्रंथ 1998 साली आला, तो अनेक चित्रकारांनी मिळून सजवला आणि गोव्याचे कार्ल डिसिल्वा त्यांतले एक होते. पामेला रासमुसेन यांचं दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक 2005 सालचं. तोवर डिजिटल कॅमेरे हातोहाती झाले होते, तरी त्यातही चित्रंच आहेत. फोटो स्वस्त, झटपट आणि मुबलक असताना या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं चित्रकारांची वाट का पाहिली असेल? कारण दोन सारख्या पक्ष्यांना एकाच उजेडात, एकाच बाजूने, शेजारीशेजारी बसवून नेमका फरक दाखवणं चित्रालाच जमतं.

तो फरक किती बारीक असतो आणि त्यावर काय काय अवलंबून असतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद ह्यूम या पक्षिअभ्यासकाने 1873 साली केली. पुढच्या दहाबारा वर्षांत मोजकेच नमुने मिळाले आणि मग शंभरावर वर्षं हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज संग्राहकाने आपण 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळवला असं सांगितलं होतं, आणि शोध घेणारे त्या पत्त्यावर जात राहिले. रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासले तेव्हा कळलं, की तो नमुना मुळात एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला होता. तो चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधून ठेवलेला होता. खोटा पत्ता बाजूला सारल्यावर त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खानदेशाकडे वळले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. आपल्या गावाकडच्या साध्या पिंगळ्यापासून तो ओळखायचा कसा? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जेमतेम आणि पाठ जवळपास कोरी. शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पायांवर दाट पिसं. ज्याला पोत म्हणून हिणवतात तो हाच. एक जात नष्ट झाली की जिवंत आहे, हा प्रश्न शेवटी डोक्यावरच्या ठिपक्यांपाशी येऊन थांबला. असे ठिपके अचूक पाहायची आणि अचूक उतरवायची सवय फालतू कशी ठरते?

आता युक्त्यांचं. फॅन ब्रशने फटकारे मारले की केस झाले, असं म्हणणाऱ्याने केस पाहिलेले नाहीत. अंगावरची लव एकाच दिशेने कधी वाहत नाही. नाकाच्या शेंड्यापासून ती मागे वळते, डोळ्याला वळसा घालते, कपाळावर विलग होते, खांद्यापाशी फिरते, छातीवर कुठे भोवरा करते, पोटाखाली लांबते. नाकावर ती इतकी आखूड असते की खालचं हाड कळतं आणि मानेवर इतकी लांब की मान किती जाड आहे याचा पत्ता लागत नाही. म्हणून केस रंगवायच्या आधी केसांखालचा सांगाडा आणि स्नायू कळावे लागतात. जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने घोड्यांची शवं महिनोन्महिने सोलून घोड्याच्या शरीररचनेचं पुस्तक 1766 साली काढलं, ते काही छंद म्हणून नव्हे. मग रंगाचा प्रश्न. कोल्ह्याचा किंवा सशाचा एकेक केस जवळून पाहिला तर तो एकरंगी नसतो, त्यावर गडद आणि फिकट पट्टे असतात. हजारो पट्टेदार केस एकमेकांवर पडून जो रंग लांबून दिसतो तो पॅलेटवर काळापांढरा कालवून मिळणारा करडा नव्हे. तसा करडा लावला की ससा सिमेंटचा होतो. तिथे उबदार आणि थंड छटांचे फटकारे वेगवेगळे ठेवावे लागतात, ते एकत्र करण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडावं लागतं.

अस्वलाचं तर याहून कठीण. आपल्या अस्वलाला आतली मऊ लव नसते, नुसते लांब, राठ, विस्कटलेले केस असतात, खांद्यांवर आणि मानेभोवती तर झुबकेच. तोंड मात्र फिकट आणि आखूड केसांचं, छातीवर इंग्रजी व्हीसारखी पांढुरकी खूण. नवशिका काळ्या रंगाची ट्यूब पिळतो आणि कागदाच्या मधोमध भोक पडल्यासारखं दिसतं. काळा केस आभाळाखाली निळसर चमकतो, उन्हात त्याच्या टोकांवर तांबूस झाक येते, सावलीत तो खरोखर काळा असतो, आणि ती सावलीसुद्धा झुबक्याझुबक्याने पडते. आधी मोठे झुबके, मग त्यांच्यातला उजेड आणि सावली, आणि केस अगदी शेवटी, तेही उजेड जिथे सावलीला भेटतो तिथे आणि अंगाच्या कडेवर. सगळीकडे केस काढणारा अस्वल बिघडवतो. कुठे काढायचे नाहीत हे ज्याला कळतं त्याचंच अस्वल उभं राहतं. हे कळायला वर्षं लागतात. याला युक्ती म्हणायचं असेल तर तबल्यावरच्या बोलांनाही युक्तीच म्हणावं लागेल.

पिसांचं शास्त्र आणखी वेगळं. पंखातली मोठी पिसं, त्यांच्यावरची आच्छादनाची पिसं, खांद्यावरची बारीक पिसं, सगळ्यांची रांग ठरलेली असते आणि कोण कुणाला झाकतो हेही ठरलेलं असतं. ती रांग चुकली तर पक्षी उडणार नाही, आणि चित्रातला पक्षी उडू शकेल की नाही हे पाहणाऱ्याला शब्दांत सांगता आलं नाही तरी लगेच जाणवतं. नीलपंख घ्या, आपल्या शेतातल्या तारांवर बसलेला. बसलेला असताना मातकट तपकिरी, उडाला की गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे उघडतात. त्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उजेड विखुरतो आणि निळा दिसतो, पीस कुटून भुकटी केली तर तो निळा उरत नाही. म्हणजे ट्यूबमधला निळा जसाच्या तसा थापून नीलपंख होणार नाही. उजेड कुठून येतो ते आधी ठरवावं लागेल. हे समजून घेणारं पोर चित्रकलेच्या तासाला भौतिकशास्त्र शिकत असतं. या वयात असं शिकणं ज्याला क्षुल्लक वाटतं, त्याला शिक्षण म्हणजे नेमकं काय हवं आहे?

नक्कल हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून नक्कल म्हणजे काय तेही पाहू. 1515 च्या जानेवारीत गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला रवाना झाला. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीजांना भेट दिला होता. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो गेंडा कधीच पाहिला नाही. दुसऱ्या कुणी पाठवलेलं वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, मानेच्या मागे एक जादाचं छोटं शिंग. ड्यूररचा हात त्या काळातल्या सर्वांत कुशल हातांपैकी होता, तरी चित्र चुकलं, आणि युरोपातली पुस्तकं दोनशेहून अधिक वर्षं तोच चुकीचा गेंडा छापत राहिली. याच माणसाने 1502 साली एक ससा रंगवला होता, तो आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. आधी पातळ जलरंगाची छटा, मग वेगवेगळ्या दिशांनी वळणारे, लांबीला कमीजास्त असलेले केस, कानांत पारदर्शक गुलाबी, डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब. तो ससा ड्यूररने समोर ठेवून पाहिला होता. हात एकच, पाहणं वेगळं. नक्कल म्हणायचीच तर ती गेंड्याला म्हणावी लागेल, कारण तिथे दुसऱ्याच्या कागदावरून काढलं गेलं. आपल्याकडे शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर कॅलेंडरच्या फोटोवरून उतरवलेले वाघ दिसतात, तेही गेंड्याच्याच जातीचे. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, प्रत्येक वाघाचे वेगळे असतात, त्यांवरूनच कॅमेरा ट्रॅपमधला वाघ ओळखला जातो. भिंतीवरचा वाघ मात्र दोन्ही बाजूंनी साच्यातून काढल्यासारखा. हा दोष वास्तववादी चित्रणाचा नव्हे, ते न शिकवल्याचा आहे. जे शिकवलंच नाही त्याच्या नावाने बोटं मोडण्यात काय अर्थ?

कला आणि कारागिरी ही फाळणीही मला पटत नाही. जहांगीर बादशहाने उस्ताद मन्सूरला नादिर-उल-अस्र हा किताब दिला तो पशुपक्ष्यांच्या चित्रांसाठी. मन्सूरने सायबेरियन क्रौंच रंगवला तेव्हा युरोपातल्या शास्त्रज्ञांना त्या पक्ष्याची खबर नव्हती, त्यांची शास्त्रीय नोंद 1773 सालची. पाटण्याहून कलकत्त्याला आलेल्या शेख झैनुद्दीनने 1777 पासून मेरी इम्पे यांच्यासाठी रंगवलेल्या पक्ष्यांची पिसं आजही अभ्यासक भिंगातून पाहतात. आणि ज्यांना हे सगळं दरबारी किंवा परकं वाटतं त्यांनी अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातले छद्दंत जातकातले हत्ती आठवावेत. पाण्यातला, कमळं उपटणारा, सोंड वळवणारा हत्ती ज्याने काढला त्याने हत्ती पाहण्यात आयुष्य घातलं होतं. ती भिंत कारागिरी आणि कला यांच्यात नेमकी कुठे चिरायची?

चौथ्या वाक्याची चीड मला सर्वांत जास्त आहे, कारण ते प्रेमाने बोललं जातं. आदिवासी मुलखातल्या पोराने पारंपरिक चित्र काढावं, म्हणजे कुठलं? वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. गोंड चित्रशैली म्हणून जी जगभर गाजली ती जनगढसिंह श्याम यांच्या हातून मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांमध्ये उभी राहिली. दोन्ही थोर आहेत, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आणि जनगढ या दोघांचं मोल मी तसूभरही कमी करत नाही. पण अहेरीच्या माडिया पोराशी त्यांचं नातं काय? आदिवासी आहे एवढंच? मुंबईच्या मुलाला कुणी सांगत नाही की तू फक्त मराठा शैलीतली भित्तिचित्रं काढ. त्याला ड्यूरर मोकळा, मन्सूर मोकळा, जे. जे. स्कूल मोकळं. अहेरीच्या मुलाला मात्र त्याच्या जन्मावरून विषय आणि शैली नेमून द्यायची, आणि वर त्याला संस्कृती जपणं म्हणायचं. जनगढने स्वतःची शैली स्वतः घडवली, त्याला ती नेमून दिलेली नव्हती. आणि ज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर ही वाटणी अगदीच उलटी आहे. रानडुकराच्या पाठीवरची आयाळ चिडल्यावर कशी उभी राहते, सायाळ काटे कशी फुलवते, मोहाखाली आलेलं अस्वल कसं बसतं, हे ज्या घरात पिढ्यान्पिढ्या माहीत आहे त्या घरातल्या मुलाला प्राण्याचं बारीक चित्रण नाकारायचं, आणि जे मूल वर्षातून एकदा सफारीच्या जिप्सीत बसतं त्याला ते शिकवायचं? या विद्येवर पहिला हक्क कुणाचा आहे?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, तो साधनांबद्दलचा. बारीक केस काढायला मुंगुसाच्या केसांचा ब्रश उत्तम, असं चित्रकारांत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मुंगसाला आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि एका मुंगसापासून कामाचे केस निघतात ते मोजके ग्रॅम. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 2019 साली अशा ब्रशांच्या कारखान्यांवर देशभर छापे घातले. वन्यप्राणी रंगवायला वन्यप्राणी मारलेला ब्रश वापरणं निषिद्धच मानलं पाहिजे, आणि कृत्रिम तंतूंचे ब्रश आज तेच काम करतात. हा आक्षेप साधनाला लागतो, विद्येला नाही. तीच गोष्ट संगणकाने तयार केलेल्या चित्रांची. यंत्राला हवा तसा वाघ क्षणात काढता येत असेल, पण तो काढताना कुठल्याही मुलाला वाघ कळत नाही. शिकण्याचा प्रश्न आहे तिथे तयार चित्राने काय साधतं?

मग म्हणतात, पोटापाण्याचं काय. अभयारण्यांतले माहितीफलक, निसर्ग माहिती केंद्रं, पाठ्यपुस्तकं, पक्ष्यांची पुस्तकं यांना चित्रकार लागतात आणि आज ते बाहेरून आणले जातात, किंवा नेटवरची चित्रं चिकटवली जातात. शेकरू आपला राज्यप्राणी. त्याच्या रंगात डोंगररांगेगणिक फरक पडतो, भीमाशंकरचं शेकरू आणि मध्य भारतातलं शेकरू एकसारखं दिसत नाही. गडचिरोलीच्या फलकावर भीमाशंकरचं शेकरू लावणं ही चूक आहे, आणि ती पकडायला इथलंच माणूस हवं. अहेरी तालुक्यातल्या कोलामार्काच्या रानात महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी आहेत. 2013 साली त्या क्षेत्राला संवर्धन राखीव म्हणून घोषित केलं गेलं. गावच्या म्हशीपासून रानम्हैस ओळखायची ती शिंगांच्या पसाऱ्यावरून, अंगाच्या भारदस्तपणावरून, गुडघ्यांखालच्या पांढुरक्या पायांवरून. तिचं नीट चित्र तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत असायला हवं, आणि ते तालुक्यातल्याच कुणी काढलेलं असायला हवं.

शिकवायचं कुठे, हा प्रश्न तर या तालुक्याने विचारूच नये. कमलापूरला राज्य सरकारचा हत्ती कॅम्प आहे. कातडीचा पोत शिकायला याहून चांगला वर्ग महाराष्ट्रात दुसरा नाही: सोंडेवरच्या आडव्या वळ्या, गुडघ्यावर सैल पडलेल्या घड्या, डोक्यावरचे विरळ राठ केस, कानांच्या कडांना आणि सोंडेवर रंग उडून आलेले गुलाबी ठिपके, आंघोळीनंतर जवळपास काळी आणि धूळ उडवून घेतल्यावर मातीच्या रंगाची झालेली तीच पाठ. शासकीय रेखाकला परीक्षेसाठी आपली मुलं मडकं, फळं आणि कापडाच्या घड्या तासन्‌तास रंगवतात. कापडाच्या घडीला अभ्यास म्हणायचं आणि हत्तीच्या कातडीच्या घडीला नक्कल, हा न्याय कुठला? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या अहेरीच्या प्रत्येक मुलाला स्थिरचित्राइतकाच प्राणिचित्रणाचा सराव मिळाला पाहिजे, कागद-पेन्सिल घेऊन कमलापूरला आणि प्राणहितेच्या काठावर पाणपक्ष्यांपुढे बसायला मिळालं पाहिजे, आणि स्पर्धेच्या परीक्षकाने त्याच्या चित्राला नक्कल म्हणण्याआधी केस कुठल्या दिशेने वळले आहेत ते स्वतः तपासलं पाहिजे. ज्या परीक्षकाला ती दिशा सांगता येत नाही, त्याने त्या मुलाला गुण देऊ नयेत आणि त्याचे कापूही नयेत.